पोटभर पाजलेली रोपं

तहानलेल्याला पाणी देण्यात वडवणीच्या आसपास छबुबाईचा हात कुणी धरला नसता. दारात भांडायला आलेल्या बाईलासुद्धा ती आधी तांब्या द्यायची, मग भांडायची. अशा बाईनं माळावर सीताफळं लावली, म्हणजे त्यांचे लाड होणारच होते.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर, सटवाबरोबर, दिवाळीच्या तोंडाला ऊसतोडीला जात होती. आता डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना गुडघे दगा देत. वाट्याच्या मुरमाड तुकड्यात सीताफळांनी जीव धरला, की चार वर्षांनी बाजारात पाट्या घेऊन बसायचं आणि साखर कारखान्याचं तोंड पाहायचं नाही, हा तिचा बेत. दुसरा बेत तिच्याकडे नव्हता.

पाऊस उघडला तशी ती खालच्या हापशावरून रोज घागरी वाहू लागली. रोपांनीही तिची लाज राखली. चांगली हातभर झाली, पानं कशी तकतकीत! वरच्या अंगाच्या दोन ओळींपर्यंत मात्र घागर पोचायचीच नाही, तिथवर तिचाच जीव संपायचा. ती रोपं वीतभर, खुरटीच राहिली. "माझ्या सावत्र लेकी," म्हणून छबुबाई हळहळायची.

तोडीला निघायच्या आदल्या दिवशी तिनं खालच्या ओळींतलं एकेक आळं काठोकाठ भरलं. "लांब जायचंय आमाला. पोटभर प्या बायांनो," म्हणाली. लेकराला ठेवून जाताना आई जशी आधी पाजून घेते, तसंच. त्यात चूक आहे असं तिला कोण सांगणार? सगळी वस्तीच तेव्हा गाठोडी बांधत होती.

गुढीपाडव्याच्या सुमाराला परतल्यावर ती घरात न शिरता माळावर गेली. सीताफळ पानं गाळतंच, म्हणून नुसत्या काड्या बघून ती घाबरली नाही. नखानं साल खरवडली. आत तपकिरी. दुसरं, तिसरं, तेही तपकिरी. उन्हं उतरेपर्यंत ती खरवडत राहिली. हिरवं निघालं ते फक्त वरच्या दोन ओळींत.

सटवानं कुदळ आणली. लाडक्या रोपांच्या मुळ्या आळ्यातच वरच्या वर गोळा झालेल्या. खाली उतरायची त्यांना गरजच पडली नव्हती. एवढ्या पानांनी जवळची ओल केव्हाच पिऊन संपवली होती, माती राखेसारखी कोरडी. खुरट्या रोपाचं मूळ मात्र खणत गेलं तरी संपेना, आणि खाली मुरूम हाताला गार लागला.

"मीच मारली की ओ," छबुबाई म्हणाली.

"ह्या दोन वळी हायेत की गं."

"हायेत. पर ह्या चालीनं फळ धरायला लई वर्सं लागत्याल. तवर मी कुठली?"

सटवानं कुदळ खांद्यावर टाकली. दोन ओळींवर दोन माणसांची पोटं भरत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. खरं सांगायचं तर त्या माउलीनं जीव लावण्यापलीकडं काहीच केलं नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं.

त्या पावसाळ्यात तिनं नवे खड्डे घेतले नाहीत. दिवाळी तोंडावर आली तसा ऊसतोड टोळीचा मुकादम दारात आला.

"औंदा तरी ऱ्हाताल वाटलं हुतं, मावशी."

"कशाच्या जिवावर ऱ्हाऊ?" छबुबाई म्हणाली, आणि भिंत धरून कोयता आणायला उठली.