डबा बदलताना

मीरा, निखिल, आजोबांच्या आवाजातल्या गोष्टी ऐकायच्या आहेत असं काल तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी विषय बदलला. म्हणून आज लिहिते आहे.

कपाटावरच्या छोट्या कॉम्प्युटरचा हिरवा दिवा आत्ताही लुकलुकतो आहे. त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून परक्या कंपनीकडे नव्हे, घरातच ठेवाव्यात, म्हणून मी एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर त्यावर चालवायला शिकले. ते कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच आखलेल्या एका बंद कप्प्यात, चालतं. आजोबा त्याला डबाच म्हणत.

"अहो, नवा डबा आला की जुना टाकून द्यायचा असतो," मी त्यांना सांगितलं.

"मग आतलं आधी बरणीत काढून ठेवा, मास्तरीणबाई!"

मी नुसती हसले. रेकॉर्डिंग डब्याबाहेरच्या फोल्डरमध्ये साठावीत यासाठी सेटिंगमध्ये एक ओळ लिहावी लागते, ती लिहायची राहिली.

ते गेल्यावर महिन्याभराने मी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली आणि जुना डबा काढून टाकला. नवा उघडला, तर आत एकही गोष्ट नव्हती.

आवरलेलं घर म्हणजे सांभाळलेलं घर, असं मी जन्मभर समजत आले. पण आवरायच्या नादात मी आत काय आहे ते पाहिलंच नाही. दिव्यालाही ते कळत नाही. भरल्या यंत्रावर होता तसाच तो रिकाम्यावरही हिरवा आहे.

एक गोष्ट मी रेकॉर्ड केली तेव्हाच तुमच्या आईला पाठवली होती. ती तिच्या फोनमध्ये आहे. तीन मिनिटांची आहे, आणि शेवटी आजोबा म्हणतात, "पुरे, बंद कर आता."