तिसऱ्या दिवसाचं पोट

समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात दवाखाना म्हणजे एकच खोली. एक खाट, एक टेबल, औषधांचं कपाट आणि गरम हवा इकडून तिकडे ढकलणारा पंखा. या खोलीत सिस्टरने बावीस उन्हाळे काढले. एवढ्या वर्षांत ती समुद्रात उतरली असेल ती फार तर चारदा, आणि त्यातही दोनदा कुणाला तरी बाहेर ओढायला.

सुट्टीवर आलेला माणूस आजारी कसा पडतो, हे तिला तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी कातडी भाजते, कारण आल्या आल्या उघड्या अंगाने वाळूत लोळल्याशिवाय सुट्टी लागल्यासारखी वाटत नाही. तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं, कारण समोर मांडलेलं सगळं खाल्लंच पाहिजे अशी कुणीतरी शपथ घातलेली असते. पाचव्या दिवशी कान दुखतो. टोपी घाला, पाणी पीत राहा, बारा ते चार सावलीत बसा, असं ती रोज घसा कोरडा होईस्तोवर सांगे. लोक माना डोलावत आणि थेट उन्हात जात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

हॉटेलात आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधत. वाराप्रमाणे त्याचा रंग वेगळा. सोमवारी आलेल्याला हिरवा, मंगळवारी पिवळा. पट्टा होता जेवणघरासाठी, पण सिस्टरने त्यातून आपली सोय काढली होती. पेशंट दारात आला की ती पट्टा बघे, दिवस मोजे आणि त्याने तोंड उघडायच्या आत औषध काढून ठेवी. दहातले नऊ बरोबर निघत. सुरुवातीला याचं सगळ्यांना कौतुक होतं, पुढे ते निव्वळ पाट्या टाकणं झालं. ती इतकी दमली होती की चेहरे बघणंच तिने सोडून दिलं होतं. त्याचं तिला वाईटही वाटेनासं झालं होतं.

अशातच तिची ताई आली. ताई नऊ वर्षांनी मोठी, रक्तदाबाची गोळी घेणारी. भावोजी जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा सिस्टर दोन दिवस राहून परतली, सीझन ऐन भरात होता म्हणून. त्यानंतर ताई दर फोनला विचारायची, कधी येतेस? पुढच्या महिन्यात येते, हे उत्तर ऐकून ऐकून कंटाळली आणि शेवटी स्वतःच बॅग भरून निघाली. सोमवारी पोचली. सिस्टरने तिला खोली दाखवली, टोपी दिली, पाण्याची बाटली दिली, शंभरदा म्हटलेला पाठ एकदा तिच्यापुढेही म्हटला आणि कामाला पळाली.

बुधवारी दोघींनी बरोबर जेवायचं ठरलं होतं. ताई अकरालाच दवाखान्याबाहेरच्या बाकावर येऊन बसली. बाकावर सकाळी सावली असते, साडेअकरानंतर नसते. आत रांग होती. ताई दोनदा दारातून डोकावली, सिस्टरने दोनदा मान वर न करता पाचच मिनिटं, असं सांगितलं. ती पाच मिनिटं दीड वाजेपर्यंत चालली. मग ताई भिंतीला धरत आत आली, मळमळतंय, डोकं जड झालंय, म्हणाली. सिस्टर कुणाची तरी पट्टी बांधत होती. तिची नजर हिरव्या पट्ट्यावर गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार.

"तिसरा दिवस ना, पोट असणार. ही पुडी पाण्यात घालून घे आणि खोलीत जाऊन पड. जेवायचं उद्या बघू."

ताई पुडी घेऊन गेली.

तासाभराने खोल्या झाडणाऱ्या मावशींचा फोन आला. तुमच्या ताई काहीतरीच बडबडतायत, अंग तव्यासारखं तापलंय. सिस्टर धावली. ताईची कातडी कोरडी ठणठणीत होती, घामाचा थेंब नाही, आणि ती सिस्टरला आईच्या नावाने हाक मारत होती. पुडी उशाशी तशीच पडली होती. हे पोट नव्हतं. ऊन लागलं होतं, आणि रक्तदाबाच्या गोळीने अंगातलं उरलंसुरलं पाणीही काढून टाकलं होतं. कपाळाला नुसता हात लावला असता तरी कळलं असतं. सिस्टरने मावशींना बर्फ आणायला पिटाळलं, ओल्या चादरी गुंडाळल्या, काखेत, मानेशी बर्फ लावला, पंखा जवळ ओढला. हॉस्पिटलची गाडी येईपर्यंतची वीस मिनिटं तिचे हात सराईतपणे काम करत होते आणि जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात ताई भानावर आली. सलाइन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. सिस्टर खाटेशी स्टुलावर बसली होती. माफी कशी मागायची ते तिला सुचेना, म्हणून म्हणाली, तुला एवढं सांगितलं होतं, उन्हात बसू नकोस.

"तुझ्या दाराशी बसले होते," ताई म्हणाली. "समुद्र बघायला कोण आलंय गं? तुला बघायला आले होते. आणि तू बघितलंस कुठे, तर माझ्या मनगटाकडे."

सिस्टरला रडू फुटलं. बावीस वर्षं तिने शेकडो लोकांना रडताना रुमाल दिला होता, स्वतःच्या पर्समध्ये मात्र एक नव्हता. तेवढ्यात हॉटेलचा फोन आला. पेशंट खोळंबलेत, कधी येताय? आज नाही, एवढंच सांगून तिने फोन बंद केला. मग स्टूल पुढे ओढलं, तळहात ताईच्या कपाळावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"सांग आता. काय काय होत होतं तुला? पहिल्यापासून सांग."

ताईने डोळे मिटले.

"पहिल्यापासून म्हणजे," ती म्हणाली, "हे गेले, तिथपासून सांगावं लागेल मग."