अटलांटिक, आमच्या जेवणाच्या टेबलावर

मॅच हरलो की ती कशी जिंकता आली असती, हे बाबा पुढे दोन दिवस सांगायचे. दुसरं महायुद्धही त्यांनी पुण्यात आरामखुर्चीत बसून अनेकदा जिंकलं होतं. न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला आमच्याकडे आले ते या खोडीसकट.

शेजारचे आजोबा तरुणपणी, त्याच युद्धात, अटलांटिकमध्ये मालवाहू बोटींवर खलाशी होते, हे कळल्यावर बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. आजोबांचा धाकटा भाऊ त्याच समुद्रात, बाजूच्या बोटीवर बुडाला होता. ‘काहीच करता येण्यासारखं नव्हतं,’ असं स्वतःच्या आईला सांगता सांगता आजोबांनी स्वतःचीही समजूत घातली होती. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

बाबांचं इंग्रजी पुस्तकी, आजोबांचं पक्कं किवी, म्हणून दुभाषी मी. एका रविवारी टेबलावर निळी चादर पसरली. शेंगदाणे म्हणजे बोटींचा काफिला, लवंगा म्हणजे जर्मन पाणबुड्या, बशा म्हणजे बेटं. समुद्राच्या मधल्या पट्ट्यात विमानं पोचत नसत आणि पाणबुड्या नेमक्या तिथेच दबा धरत. बाबांचं म्हणणं, लांब पल्ल्याची विमानं जर्मन शहरांवर धाडण्याऐवजी आधीच आइसलंडच्या तळावर ठेवायची. आजोबांनी हौसेने लवंगा मांडल्या. बाबांनी वेलदोड्यांची विमानं सोडली आणि सगळे शेंगदाणे सुखरूप लिव्हरपूलला नेले.

“एकही बुडाली नसती,” बाबा खुशीत म्हणाले. मीही ते चोख इंग्रजीत सांगून टाकलं.

आजोबा चादरीकडे बघत राहिले. “म्हणजे करता आलं असतं,” ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून घरी गेले.

आम्हा दोघांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा धड जेवलेही नाहीत. सकाळी मला घेऊन ते कुंपणाशी गेले आणि जन्मात कधी वादात हार न मानलेला तो माणूस चक्क खोटं बोलला. माझा हिशोब चुकला, इतक्या लांब जायला पेट्रोल पुरलं नसतं, तिथल्या हवेत विमानं उडालीच नसती. मी शब्द न् शब्द सांगितला.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही फार चांगले आहात,” ते म्हणाले. “पण योजना बरोबर होती.”

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही.