आस्थापनाबाई आणि दालनातल्या खुर्च्या

आस्थापनाबाईंनी कोणाला आपल्या टेबलाशी बोलावून घेतल्याचं मी पाहिलं नाही. ज्याचं काम असेल त्याच्याकडे त्या स्वतः उठून जात. रजा नामंजूर करायची असली तरी अर्ज हातात घेऊन थेट संग्रहालयाच्या तळघरातल्या मूर्तींपर्यंत जात आणि माणसाला तोंडावर सांगत. मग मला कशाला ठेवलंय, असं आमच्या शिपायानेच एकदा वैतागून विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "बोलावलेला माणूस आधीच घाबरून येते. घाबरलेल्या माणसाचं मला काही समजत नाही."

पुण्यातल्या एका सरकारी वस्तुसंग्रहालयात त्या आस्थापना विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लिपिक. नेमणुका, बदल्या, रजा, पेन्शन, थोडक्यात माणसांचं सगळं आमच्याकडे. बाई मूळच्या नागपूरच्या, गिरणी कामगाराच्या थोरल्या लेक. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी आपल्याला शाळेत घातलं, या दोन्ही गोष्टी त्या सारख्याच अभिमानाने सांगत. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांचं "काय करून राहिले" काही सुटलं नाही. कार्यालयातले काही सदाशिव पेठी विद्वान मागून त्यांची नक्कल करत. ती चुकली की बाई मागे वळून दुरुस्त करून देत आणि पुढे चालू लागत. नक्कल लवकरच बंद पडली.

तो काळ मोठा गमतीचा होता. निम्मं पुणे संगणकाच्या क्लासला जात होतं आणि उरलेलं निम्मं मुलाच्या व्हिसासाठी देवाला साकडं घालत होतं. आमच्या नियामक मंडळावरही एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक सदस्य म्हणून आले. माणूस उमदा, पण उत्साह दांडगा. आस्थापना विभागाला यापुढे 'मानव संसाधन' म्हणावं, ही त्यांची पहिली सूचना. दारावरची पाटी बदलली त्या दिवशी बाई तिच्याकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चला. माणसं तर आधीही होती, संसाधनं आज झाली."

आता कमलबाईंविषयी सांगायला हवं. त्या शस्त्रदालनाच्या परिचर. कसबा पेठेतून चालत यायच्या आणि दिवसभर तलवारी-ढालींमध्ये उभ्या राहायच्या. परिचरांनी उभंच राहायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. नियम कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून तो बदलताही येत नव्हता. कमलबाईंच्या पायांच्या शिरा फुगून दोरीसारख्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहणं थांबवा नाहीतर नोकरी सोडा. नवरा वारलेला, घर त्यांच्यावर, आणि मधेच सोडलं तर पूर्ण पेन्शन जाणार. त्यांनी राजीनामा लिहून आणला. बाईंनी तो वाचला, घडी घालून परत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा घरी ठेवा. मी पाहतो काय ते." (रागावल्या की बाई 'पाहतो' म्हणत. एरवी 'पाहते'.)

बाईंनी प्रस्ताव ठेवला, की प्रत्येक दालनात परिचरासाठी एक खुर्ची असावी. आमचे संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण शिस्तीचे भारी भोक्ते. बसलेला पहारेकरी म्हणजे झोपलेला पहारेकरी, असं त्यांचं मत होतं. शिवाय लोक संग्रहालय बघायला येतात, खुर्च्या बघायला नव्हे. त्यांनी प्रस्ताव फेटाळला. उभं राहणं झेपत नसेल त्यांनी जावं, कंत्राटदाराकडून तरुण मुलं मिळतील, असंही सुचवलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. विषय नियामक मंडळापुढे जावा एवढंच त्यांनी मागितलं, आणि निर्णयाआधी स्थळपाहणी व्हावी अशी एक ओळ त्यात घातली. स्थळपाहणीला सरकारी माणूस नाही म्हणू शकत नाही.

टिपण मी टंकलिहिलं. फारच लांबलं होतं. थोडं आटोपशीर करू या का, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "लांबच पाहिजे."

बैठकीच्या दिवशी सगळे सदस्य शस्त्रदालनात आले. कमलबाई आपल्या जागी उभ्या होत्या. बाईंनी टिपण वाचायला घेतलं, तेही असं सावकाश, की प्रत्येक स्वल्पविरामाला विश्रांती मिळावी. प्रस्तावना झाली, पार्श्वभूमी झाली, पार्श्वभूमीची पार्श्वभूमी सुरू झाली. सदस्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, मग पुन्हा पहिल्यावर. एक ज्येष्ठ गृहस्थ खिडकीच्या कट्ट्याचा अंदाज घेऊ लागले. सॉफ्टवेअरवाले साहेब हळूच एका काचेच्या कपाटाला रेलले. त्यासरशी कमलबाई पुढे झाल्या आणि अदबीने म्हणाल्या, "साहेब, काचेला टेकू नका." साहेब चटकन सरळ झाले. आणखी अर्धं पान तग धरून शेवटी त्यांनीच विचारलं, "मॅडम, उरलेलं आपण आत बसून वाचू या का?"

बाईंनी चष्मा काढला. "बसू ना सर. विषय तोच आहे."

मग साहेब स्वतःच मोठ्याने हसले. आमच्या कंपनीत पोरांच्या पाठीला जपणाऱ्या खुर्च्या मी परदेशातून मागवल्यात, असं ते इतरांना सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांची नजर कमलबाईंच्या पायांकडे गेली. ठराव तिथेच, उभ्या उभ्या, एकमताने मंजूर झाला. संचालकांनीही हात वर केला. आनंदाच्या भरात मी टिपणाची पानं उलटी लावली.

खुर्च्या आल्या, पण त्यांवर कोणी बसेना. सगळ्यांच्या अंगात उभं राहणं इतकं मुरलं होतं, की कमलबाईंनी खुर्ची भिंतीशी नीट मांडली आणि तिच्या शेजारी उभं राहून तिच्यावरच पहारा ठेवला. एका पुणेकर आजोबांनी खुर्चीभोवती फेरी मारून विचारलं, "ही कुठल्या सरदारांची? माहितीची पाटी नाही लावलेली." बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "ही कमलबाईंची. बसतीलच आता." मग मात्र कमलबाई बसल्या. आजोबांनी, आता संग्रहालय जरा जिवंत वाटतंय, असा शेरा मारून पुढचं दालन गाठलं.

अधिकारी आले तरी परिचरांनी उठू नये, असं परिपत्रकही बाईंनी काढलं. ते कोणी पाळत नसे. संचालकांच्या बुटांचा आवाज आला की माणसं स्प्रिंगसारखी उभी राहत, आणि बाई खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवत. निवृत्त होईपर्यंत त्यांचं हे चालूच होतं.

मी तोवर वाघोलीच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत एचआरला लागले होते. तिथे मीही कोणाला केबिनमध्ये बोलावत नाही, उठून जाते. लोक याला माझी पद्धत समजतात. बाईंच्या निरोपाला मी रजा काढून गेले. भाषणं झाल्यावर त्या म्हणाल्या, दालनांतून एकदा फिरून येते. संचालक त्यांच्याबरोबर निघाले, मी मागे.

पहिल्या दालनातला परिचर बसलेलाच राहिला. दुसऱ्या दालनातलाही. त्यांचं आपसांत ठरलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. शस्त्रदालनात कमलबाई खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काहून रडून राहिल्या, कमलबाई?"

"उठावंसं वाटतंय हो, बाई."

"उठायचं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. कमलबाईंनी बसल्या जागेवरून त्यांना नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या संचालकांनी दोघींकडे पाहिलं, आणि मग खुर्चीत बसलेल्या कमलबाईंना त्यांनीही वाकून नमस्कार केला.