दोनदा दाबलेलं बटण

धर्मादादा कॅमेऱ्याचं बटण नेहमी दोनदा दाबायचा. भिवंडीतल्या एका लूम कारखान्यात तो बिघडलेले माग दुरुस्त करायचा आणि वीस वर्षांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. त्याच्या साध्या पेटी कॅमेऱ्याचा बारीक 'टिक्' त्याला ऐकूच यायचा नाही. मग खात्रीसाठी तो पुन्हा दाबायचा. फिल्म हाताने पुढे सरकवावी लागत असल्यामुळे दोन्ही दृश्यं एकाच चौकटीत उमटायची. त्याच्या बगळ्यांना चार पाय असत आणि खंड्याला दोन चोची.

"मास्तर, एका फोटूत दोन पाखरं! फिल्म वाचली!" तो ओरडून सांगायचा. हळू बोलणं त्याला जमतच नसे. समोरच्याचे ओठ बघून तो सगळं ओळखायचा. पक्ष्यांचंच वेड का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मानसाचं बोलनं ओठांवर दिसतं. पाखराला ओठच न्हायत. म्हून फोटू."

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि गावातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा चिटणीस. मंडळात फोटोंपेक्षा हारतुरेच अधिक व्हायचे. अध्यक्षांकडे हातभर लांब लेन्सचा परदेशी कॅमेरा होता आणि तो उचलायला वेगळा माणूस. धर्मादादाचे फोटो मी एकदा बैठकीत दाखवले. "हे काय, सर्कशीत काढले का?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. चिटणीसही हसला.

एका एप्रिलात धर्मादादाने मला कारखान्यामागच्या घाणेरीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो कुजबुजला, तेही चांगलं दहा पावलांवर ऐकू जाईल असं. "तीन पिल्लं हायत. कुनाला सांगू नको हां, मास्तर."

मी सांगितलं. मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, अध्यक्षांना पक्षी हवा होता, आणि आजवर 'ए मास्तर' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी मला 'अहो गुरुजी' म्हटलं होतं. माझी किंमत एवढीच होती.

भर दुपारी आम्ही गेलो. घरट्यावर पानांची सावली होती. अध्यक्षांना ती नडली. "लाइट नाही," ते म्हणाले आणि त्यांच्या माणसाने कोयत्याने समोरच्या आणि वरच्या फांद्या साफ केल्या. त्या काळी मोठमोठे लोक असंच करत, आणि त्याला कला म्हणत. बुलबुल आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होता. आम्ही थोडे मागे सरलो, तशी मादी खाली आली. कॅमेरा तापू नये म्हणून मी त्याच्यावर छत्री धरली होती. पिल्लं उन्हात होती. दोन तासांनी अध्यक्षांची फिल्म संपली आणि आम्ही सरबत प्यायला गेलो.

प्रदर्शनात त्या फोटोला ढाल मिळाली. शीर्षक 'ममता'. मादीने घरट्यावर पंख पसरले होते. "काय पोझ दिलीय!" पाहुणे म्हणत होते. ऐन समारंभात धर्मादादा आला, त्या फोटोसमोर उभा राहिला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलला, "पोझ कसली रं? सावली करतेय ती!"

अध्यक्षांनी स्मित केलं आणि पुढच्या हारासाठी मान वाकवली. ती मान मला अजून दिसते आणि अजून हात शिवशिवतात.

धर्मादादाने खिशातून आपला फोटो काढून माझ्या हातात दिला. आम्ही फांद्या तोडल्या त्याच दिवशी सकाळी कामावर जाताना त्याने घरट्याचा फोटो काढला होता. घाईत दुसऱ्यांदा दाबायचं राहिलं होतं आणि बटण दाबलं गेलं की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सुटल्यावर तो पुन्हा दाबायला आला होता. एकाच चौकटीत सकाळची गर्द पानं होती आणि त्यांच्यातून आरपार दिसणाऱ्या संध्याकाळच्या तोडलेल्या काटक्या. घरट्यात तीन उघड्या चोची होत्या आणि त्यांच्यावरच तीन आडव्या पडलेल्या माना.

"पाखरू लय वरडलं असंल ना, मास्तर?" त्याने विचारलं. "तीस पावलांवर मागापाशी होतो मी. मला काय बी ऐकू न्हाय आलं."

त्याची नजर माझ्या ओठांवर होती.

"नाही," मी म्हणालो. "नाही ओरडलं."

तो बघत राहिला. "परत बोल," म्हणाला. खात्रीसाठी त्याला सगळं दोनदा लागायचं.

मला ते दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही.