हळद-लोणी

लोण्यात हळद कालवल्याचा वास आला की मला सुरतच्या गोडादऱ्यातली शेजारची वहिनी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कापडाच्या कारखान्यात लूमवर तिचा हात दुखावला, म्हणून तिच्या गाईची धार मी काढायचो. माझ्या गाईच्या सडांवर फोड आले होते, तरी कामाच्या पाळीला उशीर होतोय म्हणून एकदा हात न धुताच मी तिच्या गाईखाली बसलो. मग त्या गाईलाही फोड आले, ती वासराला लाथाडू लागली. माझ्याही बोटांवर फोड उठले. बाहेर वासरू हंबरत होतं आणि वहिनी माझ्या बोटांना हळद-लोणी लावत म्हणाली, "मन्ही गायमुये तुले तरास व्हयना, भाऊ." तिच्या गाईमुळेच मला त्रास झाला, असं तिला वाटत होतं. मी म्हणालो, "असू द्या, वहिनी." जणू मीच तिला माफ केलं. वासरू जगलं नाही. खरं काय ते मी आज प्रथमच लिहितोय, आणि वहिनीला वाचता येत नाही.