फिटरकाकांचे घड्याळ

ईरा आणि निहार, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, तू तिकडे एकटी राहतेस, मग तुझी काळजी कोण घेतं?" मी "कामाला बाई येते" असे सांगून विषय बदलला. ते उत्तर अपुरे होते, आणि अपुरे उत्तर दिले की मला दिवसभर चैन पडत नाही, हे तुमच्या आईला विचारा. ज्यांचे नाव मी सांगायला हवे होते, ते फिटरकाका गेल्या पंधरवड्यात इथून शहरात राहायला गेले. आत्ताच लिहिले नाही तर वर्षभरात मी त्यांना आठवणीत गोड करून टाकीन. ते मुळीच गोड नव्हते. म्हणून आज बसले आहे.

फिटरकाकांइतका अचूक आणि तितकाच अशक्य माणूस साऱ्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. ते भरे गावचे. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात तुमचे आजोबा इंजिनिअर होते, तिथे ते टूलरूममध्ये फिटर होते. म्हणजे केसाच्या जाडीचा फरक पडला तरी काम फेकून देणारा माणूस. जगातली कुठलीही गोष्ट दुरुस्त होते, फक्त ती आधी घट्ट धरता आली पाहिजे, असे त्यांचे मत होते. लग्नाच्या पंगतीत ते जिलबीची जाडी बघत. आमच्याकडे चहाला आले की बसण्याआधी टेबल हलवून पाहत, आणि ते डुगडुगले तर चहा गार होईपर्यंत त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालत बसत. त्यांच्या घरी कोंबडा होता, तो त्यांना पाहिले की पळून जाई. त्यांची बायको म्हणायची, "कोंबडा श्याना हाय वैनी. मी बी पळाले आसते, पर मला उशिरा कळलं."

कोंबडा पळायचा त्याला कारण होते. कारखान्यात एकदा यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. तो रविवारी धरणाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर जाई आणि बारीकशी लवलवती काठी घेऊन मासे धरी. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. पिसे आणि दोरा बांधून बनवलेली खोटी माशी. लांब दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला ती खरी वाटावी. जाताना त्याने ती काठी फिटरकाकांना दिली आणि सोबत एक इंग्रजी पुस्तिका. पुस्तिका घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि ते मान हलवून म्हणायचे, "फुडं." दोन महिन्यांत पुस्तिका संपली आणि मंडळ निघाले. मुळशी माशी मंडळ. पिसे पुरवणार घरचा कोंबडा. मी सावध केले की मराठीत माश्या मारत बसणे म्हणजे काय ते लोकांना माहीत आहे, हसतील. ते म्हणाले, "आपन मारत न्हाई वैनी, बांदतो."

लोक हसलेच. "माश्या मारायला मंडळ कशाला? आमी घरी बसून मारतोय की!" हे वाक्य मी पिरंगुट ते पौड रस्त्यावर निदान शंभर तोंडांतून ऐकले असेल. एकदा तर ताम्हिणीहून एक ढाबेवाली बाई बसने शोधत आली. "माशीवालं मंडळ हेच न्हवं? औषिद कंदी मारताय? गिऱ्हाईक जेवंना झालंय." आमच्यापैकी कोणीही तिला समजावून परत पाठवले असते. फिटरकाकांनी हत्यारांची पेटी उचलली आणि तिच्याबरोबर गेले. ढाब्यामागच्या उघड्या गटाराला पत्र्याचे बिजागरीचे झाकण करून दिले, तिची कांदाभजी खाल्ली आणि संध्याकाळच्या बसने परतले. त्या महिन्याच्या वृत्तात त्यांनी मला लिहायला लावले : "मासे : शून्य. माश्या : मोजदाद झाली नाही."

हे वृत्त म्हणजे आमच्या मंडळाचा कणा. मी सेक्रेटरी. दर रविवारी मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात बातम्या लिहायच्या आणि तो कागद चहाच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागायचा. कोणी काय धरले, कुठे धरले, पाणी किती, कोणती माशी चालली. धरलेला मासा मोजून परत पाण्यात सोडायचा असा नियम होता, त्यामुळे पुरावा काहीच नसे, आणि म्हणूनच फिटरकाकांचा दुसरा नियम होता : माशाविषयी बोलताना दोन्ही हात खिशात. त्यांच्या घरी भाड्याने राहणारा अकोल्याचा एक कॉम्प्युटरवाला आमचा सभासद होता. तो सांगू लागे, "काका, खरं सांगतो, एवढा महाशीर..." की काका दटावत, "हात खिशात! आता सांग." हात खिशात गेले की दीड फुटाचा मासा अर्ध्या मिनिटात नऊ इंचांवर येई. "तोंड येवडं खोटं बोलत न्हाई," काका म्हणत, "हात बोलत्यात." स्वतः ते तर इंचाचा सोळावा भागही सोडत नसत. त्यांची बायको मात्र शेवटपर्यंत निराळ्या मुद्द्यावर नाराज राहिली. "धरायचा, मोजायचा आनि सोडायचा! आवो, मग कालवनाला काय पट्टी घालू?"

आता तीन वर्षांपूर्वीचे सांगते. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षे झाली होती. उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या हातातून चहाची किटली सुटली आणि ती उचलायला उजवा हात पुढे येईना. अर्धांगाचा झटका हलका होता असे डॉक्टर म्हणाले. त्यांना हलका असेल. मला सही करता येत नव्हती, वेणी घालता येत नव्हती, स्वतःच्या दाराचे कुलूप उघडता येत नव्हते. तुमची आई आली, तीन आठवडे राहिली आणि जाताना शांतपणे म्हणाली, "आई, दिवाळीला मी परत येते. तोपर्यंत उजव्या हातानं कुलूप उघडता आलं आणि वरच्या फळीवरचा डबा काढता आला, तर तू इथे राहा. नाही जमलं, तर घर बंद करून तू आमच्याकडे यायचंस." तिचे काही चुकले नाही. तुम्ही दोघांनी तर माझ्या खोलीला कोणता रंग द्यायचा तेही ठरवले होते. पण मुलांनो, खरे सांगते, मला फार भीती वाटली. तुमच्याकडे मी पाहुणी म्हणून सुखात असते. पाहुणी होऊन उरलेले आयुष्य काढायचे, या विचाराने मला झोप येईना.

आणि एवढे असूनही मी व्यायाम करत नव्हते. व्यायामाचा छापील तक्ता मी फाइलला लावला, फाइलवर लेबल चिकटवून घेतले आणि फाइल कपाटात ठेवली.

अशा वेळी एका रविवारी फिटरकाका आले. येणारे बाकीचे सगळे आधी माझ्या तोंडाकडे पाहत आणि चुकचुकत. हे आले ते टेबल हलवून पाहून बसले आणि म्हणाले, "वैनी, मंडळाचं वृत्त थकलंय."

मी म्हटले, "अहो, माझा हात..."

"दिसतोय. मशीन बंद हाय, जळालेलं न्हाई."

मग त्यांनी मला अंगणात नेले, भिंतीला बाजू करून उभे केले, माझ्या खांद्याच्या उंचीवर भिंतीत खिळ्याने एक टिंब पाडले आणि त्या टिंबाभोवती खडूने हे एवढे मोठे घड्याळ आखले. (माझे हात खिशात नाहीत, पण ते खरेच मोठे होते.) माशीची दोरी फेकायला शिकवताना घड्याळाचेच माप सांगतात : हात मागे नेताना एकवर थांबवायचा, पुढे आणताना दहावर. त्यांनी काठीची नुसती मूठ रबराच्या पट्टीने माझ्या मनगटाला बांधली. हात लोंबत होता. "सहा वाजलं," ते म्हणाले. "आता फुडनं उचला." मी दात-ओठ खाऊन उचलला. "साडेसहा. ऱ्हाऊ द्या. उद्या बगू."

ते रोज सकाळी येऊ लागले. वृत्तही सुरू झाले. डाव्या हाताने मी ते कसेबसे लिही, आणि त्यात पहिली ओळ ते सांगत : "सेक्रेटरी : सव्वासात." कागद चहाच्या दुकानाबाहेर लागत असल्यामुळे माझा हात सार्वजनिक झाला. भाजीवालीने विचारले, "आजी, आज किती वाजलं?" मी मनगटावरचे घड्याळ पाहून सांगितले, "साडेदहा." तिने आनंदाने कोथिंबिरीची जुडी वर घातली. "आगं बया, लई लवकर झालं की!" मी खुलासा केला, पण कोथिंबीर परत घेतली नाही तिने.

श्रावणात मी नऊवर पोचले आणि तिथेच अडकले. आठवडा गेला, तीन गेले, गणपती बसले आणि उठले. वृत्तात तीच ओळ : "सेक्रेटरी : नऊ." नऊ म्हणजे हात खांद्यासमोर आडवा. त्या उंचीवर कुलूप येते, वरची फळी येत नाही. एक दिवस मी मनगटाची पट्टी दातांनी सोडवली आणि मूठ अंगणात फेकून दिली. "बस झालं. मला नाही जमणार. लेकीला कळवते, घर बंद करायचं ते आत्ताच कर म्हणून."

त्यांनी मूठ उचलली, पुसली. मग भिंतीपाशी जाऊन बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. खिशातून पोलादी पट्टी काढून इकडे लावली, तिकडे लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, चूक माजी हाय. मध्य दीड इंच वर आखलाय. तुमी मगाधरनं पुढं हायसा."

त्यांनी ओल्या फडक्याने सगळे घड्याळ पुसले, पहिल्या टिंबाच्या दीड इंच खाली दुसरे टिंब पाडले आणि नवे घड्याळ आखले. मी हात उचलला. सव्वानऊच्याही पुढे गेला होता. त्या दिवसाच्या वृत्तात त्यांनी मला लिहायला लावले : "मंडळाच्या अध्यक्षांकडून मापात चूक झाली. अध्यक्ष दिलगीर आहेत." लोकांनी तो कागद दोनदा वाचला. फिटरकाकांची मापात चूक ही मुळशीत धरण फुटण्याइतकी मोठी बातमी होती.

त्यानंतर हात का हलू लागला ते डॉक्टरांना विचारा. दसऱ्याला दहा वाजले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी हात अकरावर थरथरला, थांबला आणि सरळ वर गेला. फिटरकाका आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले असतील. "बारा! आरं, वैनींचं बारा वाजलं!" आणि तोच मजकूर त्यांनी मंडळाच्या सगळ्यांना फोनवर धाडला : सेक्रेटरींचे बारा वाजले.

मराठीत माणसाचे बारा वाजले म्हणजे काय होते, ते आईला विचारा. दहा मिनिटांत चहावाला दुकान उघडे टाकून आला. काकांची बायको पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच रडू लागली. अकोल्याचा तो मोटरसायकलवरून आला, त्याच्या हातात हार होता. मी अंगणात उभी, हात वर. त्याला हार कुठे ठेवावा ते कळेना, त्याने तो फिटरकाकांना घातला. आणि यांतल्या कोणीतरी तुमच्या आईलाही फोन केला होता, कारण लगेच तिचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हॅलो... कोण बोलतंय?"

"मी. आई."

"आई? पण ते म्हणाले तुझे बारा..."

"हो. एक वाजायचा राहिलाय. तू ये तर."

ती आली. मी उजव्या हाताने कुलूप उघडले, डबा काढला. डब्यात तिच्यासाठी चकल्या होत्या. ती माझ्या गळ्यात पडली आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

ती परत गेल्यावर मी एक काम केले. भिंतीवरची दोन्ही टिंबे जमिनीपासून मोजली, मग माझ्या खांद्याची उंची कामाच्या बाईकडून मोजून घेतली. पहिले टिंब बरोबर होते. खांद्याच्या नेमक्या उंचीवर. फिटरकाका आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. "मी भिंत मोजली. तुमची चूक झालीच नव्हती."

त्यांनी आकडे वाचले. "माप कशानं घेतलं?"

"शिवणकामाच्या फितीनं."

"ती ताणती," ते म्हणाले. "तिच्यावर भरवसा ठिवू नगा." आणि टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी बदलू लागले. मी आभार मानायला तोंड उघडले होते, ते मिटले.

आता त्यांच्या भावांनी भऱ्याची जमीन विकली, डोळ्यांनी बारीक दोरा दिसेनासा झाला, आणि मुलगा त्यांना दोघांना शहरात घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर घर आहे म्हणे. "पानी दिसतं का?" असे मी त्यांच्याच भाषेत फोनवर विचारले. "नळाचं," ते म्हणाले. मला लिफ्टचा आवाज ऐकू येत होता. मग त्यांनी विचारले, "ह्या रविवारी कोन कोन आलं हुतं?" मी नावे वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे. मंडळाचे सात सभासद आहेत. ते दर रविवारी सकाळी ओढ्यावर जमतात. वृत्त मी उजव्या हाताने लिहिते, आणि माझ्या घरी राहते.